बस्त्यात साडी नेमकी कोण निवडतं?

काठपदर

नगरच्या कापड बाजारात माझ्या वडिलांचं साड्यांचं दुकान होतं. शाळा सुटली की मी गादीच्या कोपऱ्यात बसून गृहपाठ करायचे. लग्नसराई लागली की बस्ता बांधायला माणसं यायची, ती जीप भरून. नवरी, तिची आई, मावशी, आत्या, चुलती, मुलाकडच्या दोघी-तिघी आणि पैशांचं बघणारे एक काका. ते कायम दाराजवळच्या खुर्चीत. सकाळी दहाला बसलेली मंडळी जेवणाचे डबेही दुकानातच सोडायची. दीड-दोनशे साड्या उलगडल्या जायच्या. शालूची वेळ आली की सगळ्या नजरा नवरीकडे वळायच्या आणि ती म्हणायची, "तुम्हाला पसंत पडेल तो."

पुढे मी मानसशास्त्रात एम.ए. केलं आणि आज पंचवीस वर्षं तोच विषय शिकवते आहे. अभ्यासाला ग्राहकाच्या वर्तनावर एक प्रकरण होतं. त्यातला ग्राहक एकटा असायचा. त्याच्या आवडीनिवडी मनात आधीच ठरलेल्या असायच्या, तो बाजारातल्या वस्तू त्यांच्याशी ताडून पाहायचा आणि सगळ्यात जास्त जुळेल ती उचलायचा. मी ते पाठ केलं, पेपरात लिहिलं, गुणही मिळवले. पण असा माणूस आमच्या गादीवर मी क्वचितच पाहिला होता. बरीच वर्षं मला वाटत राहिलं की पुस्तकात आहे ते शास्त्र आणि आमच्याकडे चालायचा तो मागासलेपणा. ही समजूत सुटायला फार वेळ लागला, म्हणून हा धागा काढते आहे. जरा लांबेल.

१९९१ साली हेझल मार्कस आणि शिनोबू कितायामा यांनी एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की 'मी' म्हणजे काय, याची कल्पनाच सगळीकडे सारखी नसते. अमेरिकेत, विशेषतः गोऱ्या मध्यमवर्गात, 'मी' भोवती स्पष्ट कुंपण असतं. माझे गुण, माझी मतं, माझी आवड हे सगळं आत, आणि बाकीचे लोक बाहेर. जपानसारख्या ठिकाणी 'मी' ची वीण नात्यांच्या धाग्यांतूनच झालेली असते. मी कोण, हे समोर कोण आहे यावर बरंचसं ठरतं. हे वाचलं तेव्हा डोळ्यांपुढे गादीवरची ती गर्दी उभी राहिली. तिथे एक ग्राहक आणि त्याला सल्ला देणारे सातजण बसलेले नसायचे. ते आठजण मिळून एक ग्राहक होता.

गंमत म्हणजे याच्या आधीचं एक महत्त्वाचं काम आपल्या शेजारी, म्हैसूरला झालेलं आहे. जोन मिलर यांनी म्हैसूरचे हिंदू आणि शिकागोचे अमेरिकन यांना ओळखीच्या माणसांनी केलेल्या चांगल्या-वाईट गोष्टी सांगायला लावल्या आणि प्रत्येक वेळी विचारलं, "तो असं का वागला?" हा अभ्यास १९८४ साली छापून आला. त्यातली एक हकीकत मी दर वर्षी वर्गात सांगते. एक वकील मोटारसायकलवरून कोर्टात निघाला होता, मागे एकजण बसलेला. अपघात झाला. वकिलाने जखमीला दवाखान्यात पोचवलं, पण किती लागलंय हे डॉक्टरांना न विचारताच तो कोर्टात गेला. जखमी दगावला. शिकागोच्या लोकांचा कल वकिलाच्या स्वभावाकडे बोट दाखवण्याचा, म्हणजे माणूस बेजबाबदार. म्हैसूरचे लोक परिस्थिती सांगत: पक्षकार कोर्टात वाट पाहत होता, तिथे पोचणं त्याचं कर्तव्य होतं. स्वभावावर बोट ठेवण्याचं प्रमाण अमेरिकन प्रौढांत दुपटीहून जास्त निघालं. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. आठ वर्षांच्या मुलांत हा फरक जवळजवळ नव्हता. वय वाढेल तसा तो वाढत गेला. म्हणजे माणसाकडे पाहायची ही रीत मुलं घरात आणि गल्लीत शिकतात.

आता निवडीकडे येते. शीना अय्यंगार हे नाव अनेकांनी ऐकलं असेल. कॅनडात शीख कुटुंबात जन्म, शाळेच्या वयातच दृष्टी गेली, पुढे कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक. त्यांनी मार्क लेपर यांच्याबरोबर सॅन फ्रान्सिस्कोतल्या सात ते नऊ वर्षांच्या मुलांवर प्रयोग केला. अक्षरं उलटसुलट केलेले शब्द नीट लावायचे, असा खेळ. काही मुलांनी शब्दांचा गठ्ठा स्वतः निवडला, काहींना बाईंनी निवडून दिला, आणि काहींना सांगितलं की हा तुझ्या आईने निवडलाय. गोऱ्या अमेरिकन मुलांनी स्वतः निवडलेल्या गठ्ठ्यावर सगळ्यात चांगलं काम केलं. बाईंनी किंवा आईने निवडलं तर त्यांचा उत्साह मावळला. चिनी आणि जपानी घरांतल्या मुलांनी सगळ्यात जास्त शब्द लावले ते आईने निवडलं असं सांगितल्यावर. हे १९९९ चं संशोधन.

आणि भारतातलं म्हणाल तर कृष्ण सवानी आणि मार्कस यांच्या गटाचं काम. २००८ मध्ये त्यांनी दाखवलं की भारतीय लोक वस्तू निवडायला जास्त वेळ घेतात, आणि 'तुला काय आवडतं' व 'तू काय घेतोस' या दोन उत्तरांत त्यांच्याकडे अंतर जास्त असतं. २०१० मध्ये आणखी एक. दिवसभरात केलेल्या गोष्टींना 'ही मी निवड केली' असं म्हणण्याकडे अमेरिकन लोकांचा कल जास्त. भारतीय तसं कमी म्हणतात, पण तीच कृती दुसऱ्या कुणासाठी किंवा कुणाच्या वागण्याला उत्तर म्हणून केलेली असेल, तर ती निवड होती असं त्यांनाही जास्त वाटतं.

आपली भाषाही पाहा. आपण 'मी साडी निवडली' क्वचित म्हणतो. 'मला ती पसंत पडली' म्हणतो, म्हणजे पसंती कुठूनशी येऊन पडते. आणि घरात 'निवडणं' हे क्रियापद मुख्यतः तांदूळ आणि मेथी यांच्यासाठी. त्यात खडे आणि पिवळी पानं बाजूला काढायची असतात, राहील ते आपलं. बस्ताही असाच चालायचा. "ही नको, हिचा काठ बारीक. ती नको, जाऊबाईंना तसलीच घेतलीय." शेवटी जी उरायची, ती शालू.

तुमच्या घरच्या बस्त्यांचे अनुभव वाचायला आवडतील. खरेदी करताना डोक्यात कोण कोण असतं?

---

हुरडा

ताई, लई जवळचा विषय काढलात. मी सोलापुरात अकरा वर्षं साडीच्या दुकानात काउंटरला होतो. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच, की गिऱ्हाईक कोण ते आधी ओळखायचं. पैसे देणारा वेगळा, नेसणारी वेगळी आणि 'हां' म्हणणारी तिसरीच. बस्त्यात बहुतेक वेळा ती आत्या नाहीतर मोठी जाऊ निघायची. तिच्यापुढं साडी टाकायची. तिनं पदर हातात घेऊन बोटानं चुरगळून बघितला की समजायचं, जमलं.

दुसरं, मुलाकडची माणसं सोबत असली की मुलीची आई भाव विचारत नाही. डोळ्यानं विचारते. मग आम्ही चिठ्ठी बघितल्यासारखं करून हळूच सांगायचं. तिचा मान राहिला पाहिजे ना.

एक विचारायचंय. जास्त माल दाखवला की गिऱ्हाईक गोंधळतं आणि न घेता जातं, असं हल्ली सगळे सांगतात. अमेरिकेत जामच्या बाटल्यांवर प्रयोग झालाय म्हणे. आमच्याकडं उलट. दहाच साड्या दाखवल्या तर माणसं म्हणायची, "आम्हाला काय समजलात?" आणि उठून जायची.

---

विदा_विश्लेषक

@हुरडा, तो प्रयोगही अय्यंगार आणि लेपर यांचाच, २००० साली छापलेला. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या एका मोठ्या किराणा दुकानात चवीसाठी टेबल मांडलं. कधी २४ प्रकारचे जाम, कधी ६. चोवीसच्या टेबलापाशी ६० टक्के लोक थांबले, सहाच्या टेबलापाशी ४० टक्के. पण थांबलेल्यांपैकी विकत घेतलं ते चोवीसवाल्यांत ३ टक्क्यांनी आणि सहावाल्यांत जवळजवळ ३० टक्क्यांनी. आकडे इतके ठसठशीत आहेत की तो प्रयोग जगभर पसरला.

पण २०१० मध्ये शायबेहेन्ने आणि सहकाऱ्यांनी असे ५० प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य भरला. कुठे जास्त पर्यायांनी विक्री घटली, कुठे वाढली. २०१५ मध्ये दुसऱ्या गटाने 'कुठे घटते' याची कारणं शोधली: घेणाऱ्याला स्वतःला काय हवं ते ठाऊक नसेल, वस्तूंची तुलना अवघड असेल, वेळ थोडा असेल, तर घोळ होतो. तुमच्या बस्त्यात दिवस मोकळा होता आणि तुलना करायला आठ डोकी होती. शिवाय साड्या दाखवणं हा तिथे पाहुणचाराचाच भाग होता. म्हणून तुमचा अनुभव मला अजिबात विचित्र वाटत नाही.

आता काठपदर यांच्या लेखाबद्दल. मला विषय आवडला, पण सावध राहावं असं वाटतं. 'ते व्यक्तिवादी, आपण समूहवादी' ही विभागणी फार गुळगुळीत आहे. २००२ साली डॅफ्ना ऑयझरमन आणि सहकाऱ्यांनी तोवरचे सगळे अभ्यास तपासले. अमेरिकन लोक सरासरीने जास्त व्यक्तिवादी निघाले खरे, पण जपानी आणि कोरियन लोकांपेक्षा कमी समूहवादी निघाले नाहीत.

पेनांचा प्रयोग तर जरूर पाहा. १९९९ मध्ये हीजंग किम आणि मार्कस यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर लोकांना एक छोटी प्रश्नावली भरायला दिली आणि बक्षीस म्हणून पाच पेनांतलं एक घ्यायला सांगितलं. काही पेनं एका रंगाची, एक-दोन वेगळ्या रंगाची. गोऱ्या अमेरिकनांनी बहुतांशी वेगळ्या रंगाचं उचललं, पूर्व आशियाई लोकांनी बहुतांशी जास्त संख्येचं. निष्कर्ष काढला गेला की त्यांना वेगळेपण आवडतं, यांना सारखेपण. मग २००८ मध्ये जपानच्या तोशिओ यामागिशी यांच्या गटाने साधा प्रश्न विचारला: तुमच्यानंतर पेन घेणारं कुणीच उरलेलं नसेल तर? तेव्हा जपानी लोकही अमेरिकनांइतकेच वेगळ्या रंगाकडे वळले. आणि 'तुमच्यामागे आणखी चारजण घेणार आहेत' असं सांगितलं, तर अमेरिकनही एकुलतं एक पेन उचलायला कचरले. आवड दोघांची सारखीच होती. परिस्थिती स्पष्ट नसेल तर कसं वागणं सुरक्षित, याचा अंदाज दोघांचा वेगळा.

---

रानमोगरा

विदांचा शेवटचा परिच्छेद मी तीनदा वाचला.

माझा बस्ता अठरा वर्षांपूर्वी झाला. मीही "तुम्हाला आवडेल तो" असंच म्हटलं होतं. मला मोरपंखी रंगाचा शालू हवा होता. तो समोर होता, मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा. पण सासूबाईंच्या नणंदेने डाळिंबी उचलला आणि सगळ्या म्हणाल्या, छान दिसेल. लग्नात तो नेसले, त्यानंतर एकदाही नाही. कपाटात मलमलच्या कापडात बांधून ठेवलेला आहे.

काठपदर, तुमच्या लेखात एक गोष्ट मला खटकली. माझं ते वाक्य 'नात्यांच्या धाग्यांतून विणलेल्या मी' चं वाक्य नव्हतं. माझ्या मताला तिथे वजन नाही, हे बावीस वर्षांच्या मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून मी तसं म्हटलं. त्याच खोलीत माझ्या नवऱ्याने स्वतःच्या सुटाचं कापड दोन मिनिटांत स्वतः निवडलं. मग तो काय वेगळ्या संस्कृतीतला होता? बाईच्या गप्प राहण्याला 'संस्कृती' असं नाव मिळालं की मला भीती वाटते. परदेशातले अभ्यासक ते वाचतील आणि म्हणतील, भारतीय स्त्रियांना असंच आवडतं.

---

वैशाखवणवा

रानमोगरा, अगदी अगदी.
माझ्या लेकीचा बस्ता पुढच्या पंधरवड्यात आहे. हा धागा नीट वाचतेय.

---

काठपदर

@रानमोगरा, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. लेख लिहिताना मी गादीच्या कोपऱ्यातून पाहिलेलं लिहिलं. नवरीच्या जागेवरून पाहिलं नाही. नवऱ्याच्या सुटाचा मुद्दा तर बिनतोड आहे. आमच्या दुकानाला लागूनच सुटाच्या कापडाचं दुकान होतं आणि तिथे बस्त्याची मंडळी पंधरा मिनिटांत मोकळी व्हायची. इतक्या वर्षांत या फरकाचा मी विचार केला नव्हता.

तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळ जाणारं एक काम आहे. २०१२ मध्ये सवानी, मायकेल मॉरिस आणि एन. व्ही. आर. नायडू यांनी नेमकं हेच विचारलं: भारतीय लोक वडीलधाऱ्यांच्या मर्जीप्रमाणे निवड करतात, तेव्हा ती मर्जी त्यांच्या आत मुरलेली असते, की ते फक्त तिचा मान राखतात? त्यांनी भारतीय आणि अमेरिकन लोकांच्या मनात एखाद्या वडीलधाऱ्या किंवा अधिकारी व्यक्तीची आठवण जागी केली आणि मग निवड करायला सांगितली. भारतीयांची निवड त्या व्यक्तीच्या अपेक्षेकडे सरकली, अमेरिकनांची सरकली नाही. पण त्याच वस्तूंबद्दल 'हे तुम्हाला कितपत आवडतं' असं विचारलं, तर भारतीयांची आवड हललेली नव्हती. आवड जागच्या जागी होती. हात तेवढा दुसरीकडे गेला.

म्हणजे तुमचा मोरपंखी तुमच्या मनात शाबूत होता आणि प्रयोगही तेच सांगतो. 'भारतीय स्त्रियांना असंच आवडतं' असं कुणी म्हणालं तर त्याला हा अभ्यास दाखवता येईल. मी मूळ लेखात लिहिलेलं 'आवड आणि निवड यांतलं अंतर' हे तुमच्यासारख्यांच्या कपाटात बांधून ठेवलेलं असतं, हे मात्र कुठल्या तक्त्यात दिसत नाही.

विदा, तुमचाही मुद्दा मान्य. देश ही फार मोठी चौकट झाली. अमेरिकेतच निकोल स्टीफन्स यांनी मार्कस यांच्याबरोबर २००७ मध्ये सामाजिक वर्गाचा अभ्यास केला. 'तुम्ही जी गाडी घेतली, तीच तुमच्या मित्राने दुसऱ्या दिवशी घेतली, तर कसं वाटेल?' हा प्रश्न व्यवस्थापन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि आगीच्या बंबावर काम करणाऱ्या जवानांना विचारला. विद्यार्थ्यांना आपलं वेगळेपण गेल्यासारखं वाटलं, त्यांचा विरस झाला. जवानांना आनंद झाला. एकाच देशात, एकाच भाषेत हा एवढा फरक.

---

एडिसनकर

इथे न्यू जर्सीत मुलगी बालवाडीत जायला लागली तेव्हाची गोष्ट. बाई तिला रोज विचारायच्या, लाल कप की निळा, गोष्ट की चित्र. तीन वर्षांच्या मुलीला! पहिले दोन महिने ती नुसती माझ्याकडे बघायची. वर्षभरात घरी आल्यावर मलाच विचारायला लागली, "बाबा, माझ्याकडे पर्याय काय काय आहेत?"

गेल्या वर्षी आई नाशिकहून आली होती. आम्ही ओक ट्री रोडवर, म्हणजे इथल्या भारतीय बाजारात, कपडे घ्यायला गेलो. आईने नातीसाठी परकर-पोलकं निवडलं, अतिशय प्रेमाने, तासभर शोधून. मुलगी म्हणाली, "आजी, मला विचारलं का नाहीस?" आईचा चेहरा उतरला. तिला कळेचना की यात विचारायचं काय असतं. माझी फार ओढाताण झाली. दोघी आपापल्या जागी प्रेमच करत होत्या. आजीच्या दृष्टीने न विचारता नेमकं ओळखणं म्हणजे माया, आणि नातीच्या दृष्टीने विचारणं म्हणजे माया.

काठपदर, ते मुलांचे शब्दांचे गठ्ठे वाचून माझ्या मुलीची फार आठवण झाली. ती दोन्ही गटांत मोडेल असं वाटतं.

---

काठपदर

@एडिसनकर, त्या प्रयोगातली चिनी-जपानी घरांतली मुलंही अमेरिकेतच वाढत होती आणि घरी आईवडिलांची भाषा ऐकत होती. तुमच्या मुलीसारखीच.

तुमच्या आईंच्या त्या तासाभरासाठी एक अभ्यास सांगते. मानसशास्त्रात एक जुना नियम आहे: माणूस एकदा निवड करून बसला की निवडलेली वस्तू त्याला आधीपेक्षा जास्त चांगली वाटू लागते आणि सोडलेली कमी. मनाची समजूत काढणं म्हणतो ना, तसं. १९९७ मध्ये हाइने आणि लेहमन यांना जपानी लोकांत हे सापडलंच नाही. वाटलं, तिथे ही गरजच नसावी. मग २००५ मध्ये कॅनडात एत्सुको होशिनो-ब्राउन आणि सहकाऱ्यांनी लोकांना चिनी खानावळीतले पदार्थ निवडायला दिले, स्वतःसाठी किंवा जवळच्या मित्रासाठी. गोऱ्या कॅनेडियनांनी स्वतःसाठी केलेल्या निवडीची समजूत काढली. आशियाई संस्कृतीशी घट्ट नातं सांगणाऱ्यांनी मित्रासाठी केलेल्या निवडीची. स्वतःच्या ताटात काय येईल याची त्यांना तितकी काळजी नव्हती. मित्राला चुकीचं दिलं गेलं तर, ही त्यांची टोचणी होती.

आईंना आपली नातीची पारख चुकली असं वाटलं असेल. ते लागतं मनाला.

---

माई_सातारा

मी इथे वाचते, लिहीत नाही फारशी. पण साडीचा विषय निघाला म्हणून.

आमच्या काळी नवी साडी आपण आधी नेसायची नाही. जवळच्या बाईला द्यायची, "तू घडी मोड." नणंद, मैत्रीण, शेजारीण. तिने दिवसभर नेसायची, मग आपल्याकडे यायची. माझ्या पहिल्या इरकलीची घडी माझ्या वहिनीने मोडली, पन्नास वर्षं झाली. वहिनी आता नाहीत. ती इरकल हातात घेतली की मला त्याच आठवतात, माझं लग्न आठवत नाही. तुमच्या शास्त्रात याला काही म्हणतात का?

---

विदा_विश्लेषक

@माई, नमस्कार. नेमकं यालाच नाव असेल असं नाही, पण जवळच्या दोन गोष्टी सांगतो.

१९९० मध्ये कानमन, क्नेट्श आणि थेलर यांनी विद्यार्थ्यांपैकी काहींना कॉफीचे मग भेट दिले आणि विचारलं, कितीला विकाल? ते सात डॉलरच्या वर सांगायचे. ज्यांना मग मिळाला नव्हता, ते तीन डॉलरसुद्धा द्यायला तयार नव्हते. वस्तू 'माझी' झाली की क्षणात तिची किंमत वाढते. २०१० मध्ये विल्यम मॅडक्स आणि सहकाऱ्यांना दिसलं की पूर्व आशियाई लोकांत हा परिणाम कमी आहे. 'माझं' या शब्दाला सगळीकडे सारखं वजन नसतं.

दुसरी गोष्ट पॉल रोझिन यांची. एखाद्याने वापरलेल्या वस्तूत त्या माणसाचं काहीतरी उतरतं, असं जगभर सगळ्यांना आतून वाटतं. तिरस्कार असलेल्या माणसाचा स्वेटर धुतलेला असला तरी अमेरिकन विद्यार्थी तो अंगात घालायला नको म्हणायचे. प्रिय माणसाच्या बाबतीत उलट. तुमच्या इरकलीत तसं झालंय.

---

रानमोगरा

पण विदा, हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही खरी आहे. कुणाचा स्पर्श साडीत उतरावा असं वाटतं आणि कुणाचा नको, हे आपल्याकडे जातीने ठरत आलंय. घडी मोडायला साडी कुणाकुणाला दिली जायची आणि कुणाला कधीच नाही, हेही आठवून पाहायला हवं. माई, हे तुम्हाला उद्देशून नाही.

---

माई_सातारा

उद्देशून असलं तरी चालेल बाळ. खरं आहे. आमच्या वाड्यात मागच्या दाराने येणाऱ्या सखूबाई होत्या, माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनी काढली. माझ्या बाळांना पहिला हात त्यांचा लागला. त्यांना मी जुन्या साड्या दिल्या. नवीची घडी मोडायला कधी दिली नाही. तेव्हा सुचलंही नाही.

---

खाडीपलीकडे

धागा फार सुंदर चाललाय, थोडं अवांतर करतो. थॉमस टॅल्हेम यांचा भात आणि गव्हाचा सिद्धांत कुणी वाचलाय का? २०१४ मध्ये चीनमधल्या हजाराहून जास्त हान (तिथला बहुसंख्य समाज) विद्यार्थ्यांवर अभ्यास करून त्यांनी मांडलं की भातशेतीच्या भागातले लोक जास्त परस्परावलंबी असतात, कारण पाणी वाटून घ्यावं लागतं आणि लावणीला एकमेकांचे हात लागतात. नंतर २०१८ मध्ये चीनच्या शहरांतल्या स्टारबक्समध्ये जाऊन त्यांनी खुर्च्या मुद्दाम वाटेत अडचण होईल अशा ठेवल्या. खुर्ची सरकवून वाट काढणारे लोक गव्हाच्या भागात जास्त निघाले. भाताच्या भागात बहुतेकांनी खुर्ची तशीच ठेवून अंग चोरून वाट काढली.

आमच्याकडे कोकणात लावणीला अजून पडकई चालते. आज तुमच्या शेतात, उद्या माझ्या. म्हणून वाटलं, कोकण आणि देश यांत असं काही सापडेल का?

---

विदा_विश्लेषक

@खाडीपलीकडे, सापडेलही, पण मोजल्याशिवाय म्हणू नये. कोकण आणि देश यांत पिकाखेरीज शंभर गोष्टी वेगळ्या आहेत. मुंबईला गेलेले पुरुष आणि मागे घर चालवणाऱ्या बाया, हा एकच फरक केवढा मोठा आहे.

---

हुरडा

सोलापूरकडं ज्वारी काढायला इर्जिक असते की. बैलं, माणसं सगळी एकमेकांची. ज्वारीवाले एकटे राबतात असं नाही.

---

वैशाखवणवा

काल लेकीचा बस्ता झाला. कसा झाला ते सांगायला आलेय.

यामागिशींचं वाचून मी ठरवलं होतं की तिला एकटीला आधी निवडू द्यायचं, मागे कुणीही नसताना. म्हणून परवा दुपारी आम्ही दोघीच गेलो. दुकानदाराला सांगितलं, शालू दाखवा, पण मी बाहेर बसते. मी रसवंतीत जाऊन बसले. तिने वीस मिनिटांत तीन बाजूला काढून ठेवले. काल दोन्हीकडची मंडळी आली तेव्हा दुकानदाराने ते तीन इतर साड्यांतच मिसळून दाखवले. विहीणबाईंच्या मनात दुसराच होता, सोनेरी. लेक म्हणाली, "मला हा जांभळा फार आवडलाय." आवाज जरा थरथरला तिचा. खोलीत दोन सेकंद कुणी बोललं नाही. मग विहीणबाईच म्हणाल्या, "मग तोच घे की. मला कुणी विचारलं नव्हतं माझ्या वेळी." जांभळा घेतला.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. शालू झाल्यावर मुलाच्या आजीसाठी मानाची साडी घ्यायची होती. ती आम्ही मोठ्यांनी पटकन उरकणार होतो. लेक म्हणाली, थांबा, आजींना जड काठ पेलत नाहीत, त्यांचा खांदा दुखतो. मग तिने नऊवारीचं अख्खं कपाट काढायला लावलं. प्रत्येक साडी हातावर तोलून पाहिली. सव्वा तास. स्वतःच्या शालूला वीस मिनिटं आणि आजींच्या साडीला सव्वा तास! शेवटी घेतली ती फिकट राखाडी, बारीक काठाची, आणि घरी येईपर्यंत तीनदा विचारलं, "आई, आवडेल ना गं त्यांना?"

रानमोगरा, तिला तुमच्या मोरपंखीबद्दल सांगितलं होतं. ती म्हणाली, त्या ताईंना सांग, मोरपंखी अजून मिळतो.

---

रानमोगरा

जाऊन बघते.